कडीपाटापासून चार मिलिमीटरपर्यंत

मराठी घरात लाकूड भरपूर होते, पण ते पायाखाली क्वचितच असे. ते डोक्यावर असे. पेशवाईतला किंवा त्यानंतरचा कुठलाही वाडा आठवून पाहा. तळमजल्याची जमीन मातीची, चोपून शेणाने सारवलेली. पुढे ऐपत वाढली तशी शहाबादी फरशीची. मान वर केली की मात्र जाडजूड तुळया, तुळयांवर ओळीने कड्या आणि कड्यांवर फळ्या. हा कडीपाट. त्याच्यावर मातीचा थर पसरून, चोपून, सारवून माडीची जमीन होई. म्हणजे माडीवर राहणारा माणूसही मातीवरच चालत असे. साग त्याच्या तळव्यापासून चार-सहा बोटे खाली, आणि त्याचे देखणेपण खालच्या मजल्यावर बसलेल्याच्या वाट्याला.

अपवाद होतेच. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या मोठ्या घरांत वरच्या मजल्यावर उघड्या फळ्यांची जमीन असे, मुंबईतल्या जुन्या लाकडी इमारतींतही होती. तिच्यावर चालताना खालच्या बिऱ्हाडाला पावले मोजता येत. पण एकंदरीत आपल्या पायांना माती, शहाबादी, मग रंगीत सिमेंटच्या लाद्या (फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशी लादीचा कारखाना काढला तो १९२२ साली), मग मोझॅक, मग मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल असा प्रवास माहीत आहे. लाकडावर अनवाणी चालणे ही मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने नवी गोष्ट आहे, आणि नवी असल्यामुळेच तिच्याविषयीचे आपले ज्ञान दुकानदार सांगेल तेवढेच असते.

हा विषय माझ्याकडे आला तो घरातूनच. बांधकाम-साहित्याच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे काढली, पण तिथे सिमेंट, विटा, लोखंड यांचाच संबंध; लाकूड कधीतरी. निवृत्तीनंतर आमचा पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला. कडीपाट उतरवला गेला तेव्हा सहा तुळया चांगल्या निघाल्या. बाकीचे लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या वाटेने गेले. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की या सहा तुळयांच्या फळ्या चिरून नव्या सदनिकेच्या खोल्यांत जमिनीला बसवाव्या. आईचे वय ८२, दोन्ही गुडघे बदललेले, आणि गुळगुळीत टाइलवर ती एकदा घसरलेली. तिलाही लाकूड हवे होते. मी म्हटले, महिनाभर थांबा. त्या महिन्यात जे वाचले, मोजले आणि वखारीत उभे राहून पाहिले, त्याचा हा लेखाजोखा.

आधी दुकानातली भाषा सोडवून घेऊ. 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली लॅमिनेट. तिच्यात लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तक्ता असतो आणि वर लाकडाचा छापील फोटो, त्यावर पारदर्शक कठीण थर. पायाला लागते ते प्लास्टिक. दुसरी, दगडाची पूड आणि प्लास्टिक मिसळून केलेली पट्टी, तिच्यावरही फोटोच. तिसरी वस्तू म्हणजे इंजिनिअर्ड लाकूड: वर खऱ्या लाकडाचा थर, खाली आडव्या-उभ्या थरांचे प्लायवुड किंवा पाइनच्या पट्ट्या. ओळखायचे कसे? फळी उलटी करा आणि तिची कड पाहा. खऱ्या थराच्या रेषा वरच्या पृष्ठभागावरून कडेवर उतरतात. फोटो कडेवर उतरत नाही. शिवाय चार-पाच खोकी उघडून फळ्या शेजारी मांडा. तीच गाठ, तेच डोळे पुन्हापुन्हा दिसले तर ते झाड छापखान्यात उगवलेले आहे. लॅमिनेट वाईट असते असे नाही, भाड्याच्या घरात मी तेच घालीन. पण लाकडाच्या भावात कागद घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. सरळ सागाच्या फळ्या का घालू नयेत? हे थरांचे लचांड कशाला?

कारण लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर हलते, आणि सगळ्या दिशांना सारखे हलत नाही. झाडाच्या उंचीच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे, आणि वार्षिक वलयांना समांतर दिशेने सर्वांत जास्त. ओले कापलेले लाकूड पूर्ण वाळवले तर साग या शेवटच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, पांढरा ओक सुमारे १०.५ टक्के. सागाची जगभरची कीर्ती ज्या गुणांवर उभी आहे त्यांपैकी हा एक. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचे 'त्रिंकोमाली' हे जहाज बांधले. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पण कमी हलणे म्हणजे न हलणे नव्हे.

इथे एक समजूत आडवी येते. आमचे सुतारमामा म्हणाले, "सव्वाशे वर्षांचं मुरलेलं लाकूड आहे साहेब, ते आता काय हलतंय!" हे मी अनेकांकडून ऐकले आहे. पण मुरलेले म्हणजे त्यातला मूळचा रस वाळलेला, ताण निवलेले. लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतली वाफ शोषतात आणि सोडतात. हा गुण वयाने थोडा मंदावतो, जात नाही. वाड्याच्या दारांना विचारा. सव्वाशे वर्षांची दारेसुद्धा श्रावणात चौकटीला घासत होतीच.

किती हलते याचा हिशेब करता येतो. हवेची आर्द्रता स्थिर राहिली तर लाकूड त्या आर्द्रतेशी जुळणारा ओलावा धरून बसते: ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुमारे ९ टक्के, ८० टक्क्यांना सुमारे १६ टक्के. आता पुणे घ्या. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसच्या दिवस ८० च्या वर. लाकूड दुपारच्या आकड्यामागे धावत नाही, काही आठवड्यांच्या सरासरीमागे जाते. तरीही घरातल्या लाकडाचा ओलावा वर्षभरात ७ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान झुलेल असे धरायला हरकत नाही. या ८ अंशांच्या फरकात सागाची १०० मिलिमीटर रुंद आडवी चिरलेली फळी सुमारे दीड मिलिमीटर रुंदावते. एका फळीचे काही नाही. पण तीन मीटर रुंद खोलीत अशा तीस फळ्या असतात; मोकळे सोडले तर एकूण हालचाल साडेचार सेंटिमीटर. ओकची जवळपास नऊ. ही जागा लाकूड कुठून आणणार? एप्रिलमध्ये प्रत्येक सांध्यात फट, आणि ऑगस्टमध्ये जागा मिळाली नाही तर मध्येच तंबूसारखी उठलेली जमीन.

कडीपाटात हे होत नव्हते का? होत होते. पण फटी मातीखाली झाकलेल्या, आणि मातीचा तो थर स्वतःच ओलावा शोषून लाकडाला अचानक धक्का बसू देत नसे. जुन्या कारागिरांनी लाकूड हलणार हे गृहीत धरले होते, आणि हलेल तिथे कुणाचे पाय लागणार नाहीत अशी रचना केली होती. आपण नेमके तेच लाकूड उघडे करून त्याच्यावर अनवाणी चालायचे म्हणतो आहोत.

या हिशेबातून मला एक गोष्ट अनपेक्षित मिळाली. समुद्राजवळ लाकडाचे हाल जास्त, हा सर्वांचा समज. वाळवी, बुरशी आणि गळकी भिंत यांच्या बाबतीत तो खराही आहे. पण हालचालीपुरते बोलायचे तर मुंबईची हवा वर्षभर दमटच असते. तिथल्या लाकडाचा झोका लहान. पुणे, नाशिक, त्याहूनही नागपूर: इथे उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पावसाळा ओला, म्हणून झोका मोठा. देशावरच्या माणसाने 'आपल्याकडे काय, कोरडी हवा' म्हणून निर्धास्त होऊ नये. आपल्या मानक संस्थेने लाकडातल्या ओलाव्यासाठी आयएस २८७ हे मानक केले आहे. त्यात देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडले आहेत आणि विभागागणिक लाकूड किती वाळवावे ते सांगितले आहे. दुकानात मी या मानकाचा उल्लेख केला तेव्हा विक्रेत्याने मला पाणी दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

थर चिकटवून लाकडाला आवर घालण्याची युक्ती जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथे, पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या आवारात, सहा थरांच्या लाकडाची शवपेटी सापडली. काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. तत्त्व साधे. प्रत्येक थराची रेषा खालच्या थराच्या रेषेला काटकोनात ठेवायची. वरचा थर रुंदीत पसरू पाहतो, पण ती त्याच्या शेजाऱ्याची लांबीची, म्हणजे न हलणारी दिशा असते. शेजारी त्याला धरून ठेवतो. अशा फळीची रुंदीतली हालचाल इतकी कमी होते, की तीन मीटरच्या खोलीत काही मिलिमीटरच उरते. जमिनीसाठी ही रचना आजच्या स्वरूपात आणली ती स्वीडनमधल्या नीब्रो गावच्या गुस्ताफ केर यांनी. थरांच्या जमिनीचे त्यांचे पेटंट १९४१ सालचे. स्वीडनलाच गरज का पडली हे पाहण्यासारखे आहे. तिथे हिवाळाभर घरे तापवलेली असतात, त्यामुळे आतली हवा हिवाळ्यात अतिशय कोरडी आणि उन्हाळ्यात दमट. आपला झोका तोच, महिने उलटे.

महिने उलटे असले तरी हमीपत्र मात्र तिकडचेच येते. पुष्कळशा युरोपीय उत्पादकांच्या हमीपत्रात बारीक अक्षरात एक अट असते: खोलीतली आर्द्रता ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखली पाहिजे. मुंबईत ही अट जवळजवळ वर्षभर मोडते, पुण्यात पावसाळाभर. म्हणजे तीस वर्षांची हमी तुम्ही पहिल्याच जुलैत गमावलेली असते, भौगोलिक कारणाने. विकत घेण्यापूर्वी हे कलम विक्रेत्याला मोठ्याने वाचायला सांगावे.

वरचा थर किती जाड, हा पुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बाजारात तो ०.६ मिलिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत मिळतो, आणि बाहेरून बघून फरक कळत नाही. युरोपीय मानक ईएन १३४८९ नुसार थरांच्या फळीला 'पार्केट' म्हणायचे असेल तर वरचा थर किमान २.५ मिलिमीटर हवा. कारण असे. लाकडी जमीन झिजली, चरे पडले की यंत्राने घासून नवी करता येते, आणि प्रत्येक घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर जातो. ०.६ चा थर एकाच घासणीत संपेल, खालचे प्लायवुड उघडे पडेल. चार मिलिमीटरचा थर दोन-तीन घासण्या सहज सोसतो. दर पंधरा-वीस वर्षांनी एक धरली तर तो माझ्या नातवंडांपर्यंत पुरेल. आणि अखंड फळी? तिच्या कडेला जीभ आणि खाच असते. घासता येते ते फक्त जिभेच्या वरचे लाकूड, साधारण सहा मिलिमीटर. वीस मिलिमीटर जाडीच्या फळीतले उरलेले लाकूड कधीच पायाला लागत नाही.

मग सगळ्यात जाड थर घ्यावा का? नाही. वरचा थर फार जाड आणि खालचा पाया पातळ असला तर वरचा खालच्याला ओढतो. फळी पन्हळीसारखी वाकते किंवा डिंकाचा सांधा सुटतो. पंधरा मिलिमीटर एकूण जाडीला चारच्या आसपास वरचा थर हे गणित ठीक बसते. खालच्या बाजूला तोल सांभाळणारा थर आहे ना, तेही पाहावे.

हे कळल्यावर आमच्या सहा तुळयांचा निकाल आपोआप लागला. तुळई सहा इंची चौरस, कामाची लांबी नऊ फूट. अखंड फळ्या काढायच्या तर रंध्याला आणि करवतीला जाणारे लाकूड धरून एका तुळईतून पाच फळ्या. जमीन झाकली जाणार सुमारे २० चौरस फूट. तीच तुळई साडेचार मिलिमीटरच्या पातळ पट्ट्यांत चिरली तर पंचवीस पट्ट्या, म्हणजे १०० चौरस फूट. हा कागदावरचा हिशेब. खिळ्यांची भोके, भेगा, एका टोकाला जुन्या गळतीने कुजलेला भाग वजा जाता हातात साठच पडले. तरी सहा तुळयांत आईची आणि भावाची अशा दोन खोल्या झाल्या. अखंड फळ्यांचा हट्ट धरला असता तर एक खोलीही पुरी झाली नसती. 'इंजिनिअर्ड' शब्दाला आपल्याकडे नकलीचा वास येतो. इथे उलट त्याच्यामुळेच वाड्याचा साग वाड्याच्या माणसांना पुरला.

वखारीतल्या चिराईत दोन गोष्टी शिकलो. एक, जुन्या लाकडात तुटलेले खिळे दडलेले असतात; पातळ पात्याची करवत एका खिळ्याने निकामी होते. म्हणून आधी धातुशोधक यंत्र फिरवावे लागते. आमच्या एका तुळईतून अकरा निघाले. दुसरी, सागात नैसर्गिक तेल असते, ते डिंकाला आड येते. पट्टी रंधून फार वेळ ठेवली की तेल पृष्ठभागावर येते. म्हणून रंधल्यावर लगेच चिकटवायची. ज्या कारखान्यात हे काम करून घेतले तिथे पाया म्हणून आयएस ७१० चे, म्हणजे मरीन दर्जाचे प्लायवुड वापरले. विकत घेताना पाया कशाचा हे विचारणारा गिऱ्हाईक दुर्मीळ. भुशाच्या दाबीव तक्त्याचा पाया असेल तर पाणी लागताच कड फुगते आणि ती पुन्हा बसत नाही. मुलुंडच्या एका परिचितांकडे कपडे धुण्याच्या यंत्राची नळी निसटली, फक्त एका दुपारपुरती. सबंध दिवाणखान्याचे सांधे पुरीसारखे फुगले.

डिंकाविषयी थोडे. स्वस्त प्लायवुडमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइड असते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. उष्ण, दमट हवेत जास्त. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली तो कर्करोगकारक ठरवला. 'ई-वन' दर्जा हा किमान अपेक्षित. कॅलिफोर्नियाचा नियम त्याहून कडक. प्रमाणपत्र मागावे. नसेल तर नवी फळी बंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी झाकण काढून वास घ्यावा. ही चाचणी शास्त्रीय नाही, पण डोळ्यांत पाणी आले तर पुरेशी आहे.

ओकचे काय? दुकानात सागापेक्षा ओकच जास्त, आणि तो टणकही आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी घुसवायला लागणारे बळ मोजतात. सागाला ते सुमारे ४,७०० न्यूटन, पांढऱ्या ओकला सुमारे ६,०००. साग म्हणजे सर्वांत कणखर, ही आपली श्रद्धा इथे जरा दुखावते. साग टिकाऊ आहे, टणक तेवढा नाही. खुर्चीचा पाय त्यात खळगा पाडतोच. ओकच्या बाबतीत माझी अडचण निराळी: तो कुठून आला. २०१५ साली लंबर लिक्विडेटर्स या अमेरिकन कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिने चीनमधून घेतलेल्या जमिनीतला ओक रशियाच्या अतिपूर्वेकडच्या, सैबेरियन वाघ आणि अमूर बिबट्याच्या जंगलातून बेकायदा तोडलेला होता. सागाचीही हीच गत. म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. 'बर्मा टीक' ही पाटी आता अभिमानाने लावावी अशी राहिलेली नाही. आपल्याला गडचिरोली-चंद्रपूरचा साग आहे. बल्लारशाच्या वन-आगारातून तो रीतसर लिलावाने, कागदपत्रांसह मिळतो. नाहीतर उतरवलेल्या वाड्यांचा साग. तो रोज भवानी पेठेत येतो आहे.

आता जमिनीखालची जमीन. नवे काँक्रीट आतून फार सावकाश वाळते. इंचाला महिना हा जुना ठोकताळा, आणि पावसाळ्यात तोही पुरत नाही. घरच्या घरी पाहायचे तर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद काँक्रीटवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवावा, सोळा तासांनी उचलावा. खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर थांबावे. मुकादम घाई करील. बिल्डरने घातलेली टाइल घट्ट आणि सपाट असेल तर तिच्यावर बसवायला हरकत नाही. दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त पोकळी नको. तळमजल्यावर वाळवीप्रतिबंधक उपचार झाल्याशिवाय लाकडाचा विचारच करू नये.

भिंतीच्या कडेने सर्वत्र दहा मिलिमीटर फट सोडायची, ती स्कर्टिंगने झाकायची. ही फट सुताराला आवडत नाही, त्याला ती आपल्या कामातला दोष वाटते. लक्ष नसले की तो ती पांढऱ्या सिमेंटने नीटनेटकी बुजवून टाकतो. काम चालू असताना तिथे उभे राहावे. आणि काम दसऱ्यानंतर करावे. मे महिन्यात बसवलेली फळी सर्वांत आकसलेली असते, ऑगस्टमधली सर्वांत फुगलेली. कार्तिकात ती साधारण मधोमध असते. फळ्यांची खोकी आठवडाभर आधी त्याच खोलीत आडवी ठेवावी.

लाकडाने आई पडण्यापासून वाचेल का, हा घरातला खरा प्रश्न होता. इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमांत झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाकडी तळावर गालिचा असलेल्या जमिनीवर पडल्याने खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. दुकानदार असे काही ऐकून 'लाकूड मऊ असते' म्हणतात. पण तिथली लाकडी जमीन तुळयांवर ताणलेली, खाली पोकळी असलेली, म्हणजे कडीपाटासारखी. ती पडणाऱ्याचा धक्का गिळते. काँक्रीटवर चिकटवलेले पंधरा मिलिमीटर लाकूड तसे काही करीत नाही. आईला मी हे स्पष्ट सांगितले. लाकडाचा फायदा आहे तो थंडीत तळवे न गारठण्याचा, आणि फार चकचकीत नसेल तर पकडीचा. म्हणून आम्ही लकाकणारे वार्निश टाळले आणि मॅट तेल दिले. तेलाचा आणखी एक गुण: चरा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येते. कारखान्यातून येणाऱ्या कठीण थराचे तसे नाही, तो तासायचा तर सबंध खोलीचा. मात्र तेलाला वर्षातून एकदा हात द्यावा लागतो. ज्याला ते जमणार नाही त्याने कठीण थरच घ्यावा.

स्वयंपाकघर आणि देवघर आम्ही फरशीचेच ठेवले. अभिषेकाचे पाणी, समईचे तेल, कढीपत्ता धुतलेली चाळणी, यांच्याशी लाकडाने भांडू नये. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती दारातल्या फरशीवर शोभते, लाकडावर तिचे कण पायाखाली कानशीसारखे चालतात. आणि आपल्या घरात लाकडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रोजची बादली. कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी मी म्हटले, "मावशी, या दोन खोल्यांत फिनेल नको, फडकं घट्ट पिळून घ्या." त्या म्हणाल्या, "पाणी नाही लावायचं तर पुसलं कसं म्हणायचं?" त्यांचा मुद्दा मला पटतो. आधी कोरडा झाडू, मग पिळलेले फडके, आणि लगेच पंखा, असा करार झाला आहे.

दोन जमिनी मिळतात तिथे पंधरा मिलिमीटरची पायरी होत होती. गुडघे बदललेल्या माणसाला पंधरा मिलिमीटर हा उंबराच. म्हणून दाराशी सागाचीच हातभर रुंद उतरती पट्टी केली. आई तिच्यावरून वॉकर न उचलता जाते. या एप्रिलमध्ये फळ्यांच्या सांध्यांत पोस्टकार्ड जाईल न जाईल एवढ्या फटी दिसल्या, जुलैत त्या मिटल्या. उरलेल्या नऊ फळ्या तिच्या पलंगाखाली ठेवल्या आहेत. माळ्यावर ठेवल्या तर त्यांचा ओलावा वेगळा होतो, आणि गरज पडेल तेव्हा त्या शेजारच्या फळीशी जुळत नाहीत.